जुनी बीएमडब्ल्यू, मर्सिडीज किंवा ऑडी दारात आणण्याआधी

रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर जुन्या गाड्या चाळत बसायची सवय असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. बीएमडब्ल्यू ३२०डी, २०१४ची, पांढरी, सेकंड ओनर, रनिंग ६८,०००, एमएच-१२ पासिंग, किंमत साडेदहा लाख. तिच्याच खाली नव्या हॅचबॅकची जाहिरात, ऑन-रोड साधारण तेवढ्यालाच. मन कुठे धाव घेणार हे सांगायला ज्योतिषी नको.

मीही त्याच वाटेने गेलो. गेली सहा वर्षं माझ्याकडे एक जुनी जर्मन डिझेल सेडान आहे आणि मला तिचा पस्तावा नाही. पण ती घेण्याआधी मी अकरा गाड्या पाहून सोडल्या होत्या. ओळखीपाळखीतून ‘जरा गाडी बघायला येतोस का’ असे फोन आले की मी जातो. त्यातल्या दहापैकी सात वेळा माझं उत्तर ‘नको’ असतं. कारण बहुतेकदा एकच निघतं. तीस-पस्तीस लाखांची गाडी दहा लाखांत मिळाली म्हणून तिचे पार्ट दहा लाखांच्या गाडीच्या भावात मिळत नाहीत. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, हेडलाइटची उतरत नाही. म्हणून पहिला प्रश्न ‘ही गाडी मला परवडेल का’ हा नसतो. गाडी घेऊन झाल्यावर माझ्याकडे किती उरतील, हा असतो.

आधी कागदावर हिशेब

माझा साधा नियम आहे. हातात जेवढे पैसे असतील त्यातला पाऊण भाग गाडीला, पाव भाग बाजूला. अकरा लाख असतील तर सव्वाआठ लाखांपर्यंतच्या गाड्या बघायच्या. उरलेले पैसे ‘लागलेच तर’ म्हणून ठेवायचे नसतात. ते लागतातच.

दहा-बारा वर्षांच्या, बऱ्यापैकी सांभाळलेल्या ३२०डीच्या पहिल्या वर्षाचा ढोबळ हिशेब, बाहेरच्या चांगल्या गॅरेजच्या भावाने: चार टायर ६४,०००. बॅटरी २२,०००, कारण यात एजीएम प्रकारची लागते, साधी चालत नाही. गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर ४०,०००. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट मिळून ३०,०००. पुढचे लोअर आर्म आणि बुश (चाकं धरून ठेवणारे दांडे आणि त्यांची रबरं) ४५,०००. बेरीज दोन लाख एक हजार. लक्षात घ्या, यात काहीही मोडलेलं नाही. ही फक्त झीज आहे, जी आधीच्या मालकाने तुमच्यासाठी ठेवून दिलेली असते. पुढे दर वर्षाला लाख-सव्वा लाख धरून चालायचं. एखादं वर्ष तीस हजारांत निघतं, एखाद्या वर्षी टर्बो जातो.

विम्याचं गणितही इथेच करून टाका, कारण तिथे अनेकांची फसगत होते. पंधराशे सीसीवरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२च्या दराने ७,८९७ रुपये, तो काही जड नाही. खरी गोम घसाऱ्यात आहे. दहा वर्षांवरच्या गाडीला ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा मिळत नाही. मग क्लेममध्ये रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि पत्र्याच्या भागांवरही गाडी दहा वर्षांपुढची असेल तर ५० टक्केच. सिग्नलला रिक्षाने पुढून घासलं आणि हेडलाइट फुटला, नवा एक लाखाचा, तर पन्नास हजार तुमचे. विमा काढलेला असूनही.

यानंतर स्वतःलाच विचारा: घरात दुसरी गाडी आहे का? पार्ट मागवला आणि गाडी अठरा दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली, तर मुलांना शाळेत कोण सोडणार? घरात हीच एकमेव गाडी असेल आणि रोज तिच्यावरच नोकरी असेल, तर माझा सल्ला सरळ आहे, घेऊ नका. कर्ज काढून घ्यायचा विचार असेल तरीही नको. दहा वर्षांवरच्या गाडीला कर्ज मुळात जिकिरीने मिळतं, मिळालं तर व्याज चढं, आणि हप्त्याच्याच महिन्यात गिअरबॉक्सने मान टाकली की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कोणती गाडी: बॅज बघू नका, इंजिन बघा

‘बीएमडब्ल्यू चांगली की मर्सिडीज’ या वादातून काही हाती लागत नाही. एकाच मॉडेलचं एक इंजिन दोन लाख किलोमीटर कुरकुर न करता जातं आणि दुसरं ८० हजारांत खिसा रिकामा करतं. म्हणून जाहिरातीतलं मॉडेल, साल आणि इंजिन यांची सांगड घालता आली पाहिजे.

एफ३० पिढीची ३२०डी आपल्याकडे २०१२पासून आली. चेन्नईजवळच्या कारखान्यात जुळवणी होत असल्याने ती भरपूर विकली गेली आणि पार्ट मिळायला सोपी. सुरुवातीच्या गाड्यांत एन४७ हे दोन लिटर डिझेल इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी साखळी) इंजिनाच्या पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन सैल झाली की मागच्या भागातून बारीक खरखर ऐकू येते आणि ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणजे पार्टपेक्षा मजुरी जास्त. हा त्रास २०११च्या आधीच्या एन४७मध्ये बदनाम झाला, नंतरच्यांत कमी आहे, पण कान लावायचाच. फेसलिफ्टनंतरच्या, म्हणजे त्याच पिढीत पुढे रूप थोडं बदललेल्या गाड्यांतलं बी४७ इंजिन या बाबतीत बरंच निर्धास्त. बजेट ताणून तेवढं जमत असेल तर ताणा.

या गाडीतला झेडएफ कंपनीचा आठ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मला विचाराल तर गाडीतला सर्वांत उत्तम भाग. पण एक गैरसमज त्याला मारतो. गाडी बनवणाऱ्याने ऑइल ‘आयुष्यभराचं’ म्हटलं म्हणून कोणी ते बदलतच नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. गिअरबॉक्सचं आयुष्य त्याच्या बनवणाऱ्याला जास्त ठाऊक असणार, नाही का? विकणाऱ्याकडे या कामाचं बिल असेल तर त्या गाडीला माझ्याकडून दोन गुण जास्त.

मर्सिडीज सी-क्लास, डब्ल्यू२०४ पिढी, सी २२० सीडीआय. हिच्या ओएम६५१ डिझेलमध्येही चेन मागेच आहे. सुरुवातीच्या काही वर्षांतल्या इंजिनांत पिएझो प्रकारचे इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) त्रासदायक निघाले, पुढे त्यांची जागा साध्या सोलेनॉइड इंजेक्टरांनी घेतली. बदलल्याचं बिल मागा. या पिढीचं दुसरं प्रसिद्ध दुखणं म्हणजे स्टिअरिंगचं इलेक्ट्रॉनिक कुलूप. चावी घातली की बारीक ‘घर्र’ असा आवाज होऊन कुलूप उघडायला हवं. त्यातली छोटी मोटर गेली की गाडी जागच्या जागी बसते, आणि स्टिअरिंग लॉक असल्याने टो करून न्यायलाही नाकीनऊ येतात. चावी घालताना म्युझिक आणि एसी बंद ठेवून तो आवाज ऐका. अडखळत येत असेल तर तो खर्च किमतीतून वजा करा.

ऑडी ए४, बी८ पिढी. दोन लिटर टीडीआय डिझेल इंजिन दणकट आहे. फोक्सवॅगन समूहाच्या २०१५च्या उत्सर्जन घोटाळ्यात गाजलेलं ईए१८९ कुटुंब ते हेच. पण आपल्याकडच्या बऱ्याच ए४ टीडीआयमध्ये त्याच्या जोडीला मल्टीट्रॉनिक हा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्याचं ऑइल ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं, ते बहुतेकांनी बदललेलं नसतं, आणि बिघडला की हाताळणारे हात थोडे. ऑडीने पुढे हा गिअरबॉक्सच बंद केला. त्याच पिढीतली १.८ आणि २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनं ऑइल पितात. दोष पिस्टनच्या ऑइल रिंगांचा असल्याने वरवर काही करून भागत नाही. ‘हजार किलोमीटरला किती ऑइल टॉपअप करता’ असं मालकाला सहज, गप्पांच्या ओघात विचारा. ‘थोडंसं’ असं उत्तर आलं तर समजून घ्या.

पेट्रोल बीएमडब्ल्यूमध्ये एन२० इंजिनाचे चेनचे प्लास्टिक गाइड झिजून तुकडे होतात, हे माहीत असू द्या. जुन्या पेट्रोल गाड्यांना आता पंपावरच्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचाही प्रश्न आहे. इंधनाच्या झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये किती इथेनॉल चालतं ते लिहिलेलं असतं. जागेवरच वाचून घ्या.

सरसकट टाळाव्यात अशा माझ्या यादीत एअर सस्पेन्शनच्या गाड्या आहेत, सहा-आठ सिलिंडरच्या आहेत आणि २००६ आधीची डब्ल्यू२११ ई-क्लास आहे. त्या ई-क्लासच्या एसबीसी ब्रेकमध्ये दाब इलेक्ट्रॉनिक पंपाने तयार होतो आणि पंपाचं आयुष्य ब्रेक किती वेळा दाबला यावर मोजलं जातं. मर्सिडीजनेच ती पद्धत २००६मध्ये मागे घेतली. इतकी जुनी ई-क्लास घेणं म्हणजे पांढरा हत्ती बांधणं, माहूत वेगळा.

गाडीच्या आधी गॅरेज शोधा

लोक गाडी घेतात आणि मग मेकॅनिक शोधतात. हे उलटं करा. आठवडाभर गाडी बघूच नका, गॅरेज बघा. पुण्या-मुंबईत फक्त जर्मन गाड्या करणारी स्वतंत्र गॅरेजं आहेत. नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगरलाही सापडतात. नांदेड, लातूर, रत्नागिरीला राहत असाल तर सर्वांत जवळचं असं गॅरेज किती किलोमीटरवर आहे ते मोजा आणि तेवढा टोइंगचा खर्च हिशेबात धरा. दर्यापूरच्या माझ्या एका नातलगाने हौसेने गाडी घेतली, गाडी उत्तम आहे, पण प्रत्येक सेन्सरसाठी नागपूरची वारी ठरलेली.

गॅरेजवाल्याला तीन गोष्टी विचारायच्या. गाडीतल्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर कोणता आहे? बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, ऑडीला ओडिस किंवा व्हीसीडीएस अशी उत्तरं आली तर माणूस या धंद्यातला आहे. ‘सगळ्या गाड्यांचा एकच आहे’ म्हणाला तर किरकोळ कामाला ठीक. दुसरं, पार्ट कुठून आणतोस? बुश आणि आर्म लेमफॉर्डरचे, फिल्टर मानचे, इंजेक्टर बॉशचे असं बोलणारा हवा. कारण कंपनीच्या डब्यातला पार्ट बहुतेक वेळा याच लोकांनी बनवलेला असतो. डबा बदलला की भाव बराच उतरतो आणि वस्तू तीच. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत कश्मीरी गेट, इथून पार्ट येतात. पण याच बाजारांत हुबेहूब डब्यातला नकली मालही असतो, म्हणून ओळखणारा डोळा मेकॅनिकचा हवा. तिसरं, ‘मी गाडी बघायला नेली तर तपासून द्याल का, किती घ्याल?’ तीन-पाच हजार सांगतील. ते मोजायची तयारी ठेवा. ज्याला हे पैसे जड वाटतात त्याने ही गाडी घेऊ नये, असं मी स्पष्टच सांगतो.

कागद

गाडी बघायला जाण्याआधी फोनवरच आरसीचा फोटो मागवा. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की कितवा मालक, नोंदणी कधीची, बोजा आहे का, विमा कधी संपतो हे दिसतं. चलनं वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर. माझ्या पाहण्यात एका पांढऱ्या सेडानवर ३१ हजारांची चलनं होती. बहुतेक सगळी एक्स्प्रेस-वेवरच्या वेगाची. त्यावरून गाडी कशी चालवली गेली तेही कळलं.

नोंदणी १५ वर्षांची असते. २०१३ची गाडी घेतली तर २०२८मध्ये फिटनेस, नूतनीकरण आणि पर्यावरण कर तुमच्या गळ्यात. गाडी पूर्णपणे आयात केलेली असेल तर आणखी सावध राहा. एप्रिल २०२२पासून १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचं शुल्क साध्या कारला ५,००० आणि आयात कारला ४०,००० रुपये झालं. पुढे ते पुन्हा वाढलं असेल तर आरटीओत ताजा आकडा विचारून घ्या.

दिल्लीच्या गाड्यांचा मोह सगळ्यांना होतो. तिथे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आणल्यापासून नऊ-दहा वर्षांच्या चकाचक डिझेल गाड्या महाराष्ट्रात उतरतात. स्वस्त असतात, हे खरं. पण त्यांना तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते, इथे येऊन कर पुन्हा भरावा लागतो आणि तो तुम्ही मोजलेल्या किमतीवर काढत नाहीत. मूळ किंमत आणि वय धरून काढतात. ‘सगळं आम्ही करून देतो साहेब’ म्हणणाऱ्या एजंटाला विचारा, पासिंग एमएच झाल्यावर पैसे घेशील का? त्याच्या चेहऱ्यावर उत्तर मिळेल.

आरसीवर कंपनीचं नाव असेल तर सही करायचा अधिकार कोणाला आहे त्याचा ठराव मागा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सर्व्हिसचा इतिहास. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे चासी नंबरावर प्रत्येक भेटीचं किलोमीटर नोंदलेलं असतं. मालकाच्या परवानगीने ते काढता येतं. २०१९ला ९१,००० असलेली गाडी आज ६८,००० दाखवत असेल तर पुढे बोलायला काही उरत नाही.

कमी रनिंगची भुरळही पडू देऊ नका. बारा वर्षांत ३०,००० किलोमीटर म्हणजे गाडी बहुतेक वेळ पार्किंगमध्ये सुकत होती. रबर वयाने कडक होतं, चालवल्याने नव्हे. मी १ लाख १० हजार चाललेली, हायवेवरची, बिलांची फाइल असलेली गाडी आधी घेईन.

थंड गाडी बघायला जा

सकाळी आठची वेळ मागा आणि सांगा, मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं, तर काहीतरी तुमच्यापासून लपवायचं होतं. एकदा कोथरूडला मी साडेसातलाच पोचलो, तर मालक गॅलरीतून ओरडला, ‘अहो, आठ म्हणाला होतात ना!’ आणि खाली गाडी आधीच चालू होती.

थंड इंजिन सुरू करताना बॉनेट उघडं ठेवून एकाला आत बसवा आणि तुम्ही इंजिनाच्या मागच्या बाजूला, पुढच्या काचेजवळ कान द्या. पहिली तीन-चार सेकंदं महत्त्वाची. साखळी डब्यात हलवल्यासारखा आवाज, मग शांतता, असं झालं तर चेन. कूलंटच्या टाकीचं झाकण गरम नसतानाच उघडा, आत तेलकट तवंग नको. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१चा ३२वा आठवडा. चारही टायरचे आकडे आणि कंपनी जुळत असेल तर मालक नीट खर्च करणारा आहे. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर ऑइलच्या बाबतीतही त्याने हाच न्याय लावला असणार. ब्रेक डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, तीही बघून घ्या. बीएमडब्ल्यूमध्ये रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) टायर असतील तर स्टेपनी आहे का ते डिकीत बघा.

आता पुरात बुडालेली गाडी. २०१५चा चेन्नईचा पूर, २०१९चं सांगली-कोल्हापूर, २०२१चं चिपळूण, २०२२चं बंगळूर, प्रत्येक पुरानंतर वर्षभरात देशभरच्या बाजारात ‘सिंगल ओनर, अर्जंट सेल’ गाड्या येतात. धुऊन, सुगंध मारून. पुण्यातल्याच एका यार्डात मला एक चकचकीत सेडान दाखवली होती. आत लेदर पॉलिश, डॅशबोर्डला चकाकी, बाजूला उभा राहिलेला विक्रेता गोडबोल्या. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट हळूहळू ओढायला लागलो. रोज जेवढा ओढतो त्याच्या पुढे, अगदी शेवटपर्यंत. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली आणि तिच्यावर आडवी, बोटभर रुंद, सुकलेल्या गाळाची पिवळट रेघ होती. पट्टीचं कापड तेवढंच ताठ झालेलं. विक्रेत्याने बघितलं, मी बघितलं, आणि तो म्हणाला, ‘ते कॉफी सांडली असेल.’

म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, पुढच्या सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारा, डिकीचा गालिचा उचलून खालचा खड्डा तपासा. या गाड्यांत बॅटरी आणि बरेच कंट्रोल मॉड्यूल (गाडीचे छोटे कॉम्प्युटर) डिकीत, सीटखाली, अशा खालच्या जागी असतात. गुडघाभर पाणीही त्यांना पुरतं, आणि बिघाड सहा महिन्यांनी एकेक करत वर येतो. पॅनोरमिक सनरूफ असेल तर पायाखालचे गालिचे हाताने दाबून ओलावा बघा. पाणी जायच्या नळ्यांत पानं अडकली की पावसाळ्यात पाणी आत झिरपतं. यात पूर नसतो, पण वायरिंगचं नुकसान तेच.

बाकी आत बसून प्रत्येक बटण दाबा. खरंच प्रत्येक. चारही काचा, आरसे, सीटच्या मोटरी, रिव्हर्स कॅमेरा, मागचा एसी. या गाडीत ‘ते एवढंसं बटण’ नसतं, त्यामागे एक मॉड्यूल असतं.

चालवून

अर्धा तास तरी चालवा, त्यात चढ हवा. पुण्यात मी कात्रजचा जुना घाट धरतो. गिअर बदलताना झटका, दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना धक्का, ‘आर’ टाकल्यावर दोन सेकंदांचा विचार, हे सगळं गिअरबॉक्स बोलतोय. चढावर पूर्ण ताकद मागून बघा, टर्बो शिट्टी मारत असेल किंवा गाडी दम तोडत असेल तर थांबा. खराब रस्त्यावर वेग कमी ठेवून काचा बंद करा. पुढून ‘टक टक’ आली तर आर्म, मागून ‘धप’ आली तर शॉकअब्सॉर्बर. सरळ रस्त्यावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी. परत येऊन एसी लावून दहा मिनिटं उभी ठेवा आणि तापमान बघा.

रॅम्पवर

एवढ्यात मन बसलेलं असतं, म्हणूनच आता गाडी तुमच्या गॅरेजवाल्याकडे गेली पाहिजे. ‘आमच्याकडे वेळ नाही’, ‘आमचाच मेकॅनिक सर्टिफाय करतो’ असं ऐकायला मिळालं तर चहा पिऊन निघा.

रॅम्पवर तो ऑइल गळती, बुश, आर्म, चासीवर वेल्डिंगच्या खुणा बघेल. स्कॅनरवर मागचे एरर कोड निघतात. सगळे कोड शून्य असतील तर उलट सावध व्हा, बारा वर्षांच्या गाडीत चार-दोन तरी असतातच. कोणीतरी कालच पुसलेत का ते विचारा. किलोमीटर मीटरशिवाय इतर मॉड्यूलमध्येही नोंदलेलं असतं, ते जुळवून बघायला सांगा. मीटर मागे फिरवणारा बहुतेकदा बाकीचे मॉड्यूल विसरतो. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असेल तर प्रत्येक पत्र्यावर लावा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. कुठे ६०० आला तर खाली पुट्टी आहे. एक दरवाजा रंगवलेला असणं मोठी गोष्ट नाही. छप्पर किंवा खांब रंगवलेले असतील तर गाडी उलटली होती का, असं विचारायला लाजू नका.

सौदा

‘शेवटचं किती?’ असं विचारू नका. तपासणीत निघालेल्या कामांची यादी आणि समोर रक्कम लिहून मालकापुढे ठेवा. लोअर आर्म ४५, टायर ६४, गिअरबॉक्स ऑइल ४०. आकडे समोर आले की भावना बाजूला पडतात. मालक खराखुरा असेल तर त्यातली निम्मी रक्कम सोडतो. टोकन दिलं तर पावती घ्या, त्यात ‘कागदपत्रांत किंवा बोज्यात अडचण आल्यास टोकन परत’ हे एक वाक्य हवंच.

मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ३० दिवसांत आरसी नावावर करून घ्या. विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत. नो क्लेम बोनस मागच्या मालकाबरोबर जातो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्ता वाढेल, त्याने दचकू नका. आणि दोन्ही चाव्या मोजून घ्या. दुसरी चावी ‘घरी आहे, पाठवतो’ असेल तर तेवढे पैसे कापूनच द्या. कंपनीकडून कोड करून आणलेली चावी कित्येक हजारांना पडते आणि ‘पाठवतो’ म्हणालेल्या चाव्या कधी येत नाहीत.

पहिला महिना

गाडी आणल्याबरोबर अलिबागला निघू नका. आधी सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक ऑइल, फिल्टर बदलून घ्या, मग त्या तारखेपासून तुमचा हिशेब सुरू. इंजिन ऑइल १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला बदला, डॅशबोर्ड २५,००० सांगत असला तरी. आपली धूळ आणि आपलं ट्रॅफिक त्या आकड्यात धरलेलं नाही. बॅटरी बदलायची वेळ आली तर रस्त्यावरच्या दुकानातून बसवून घेऊ नका. बीएमडब्ल्यूमध्ये नवी बॅटरी बसवल्याचं स्कॅनरने गाडीला सांगावं लागतं, नाहीतर ती जुन्या, दमलेल्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहते आणि नवी बॅटरीही लवकर जाते. माझी पहिली अशीच दीड वर्षात गेली, आणि ती बसवून देणारा आजही समोर भेटला की ‘साहेब, जर्मन गाड्यांचं असंच असतं’ म्हणतो.